विश्लेषण : घरातल्या रीफ टँकमध्ये कीड येते कुठून? औषधाआधी दार का तपासायचं?

उस्मानपुऱ्यातून मुंबईचा समुद्र रस्त्याने तीनशे किलोमीटरहून दूर आहे. उन्हाळ्यात छत्रपती संभाजीनगरचा पारा चाळिशी गाठतो आणि नळाला पाणी कित्येक दिवसांच्या अंतराने येण्याची शहराला सवय झाली आहे. तरीही मोबाईलवर निळ्या प्रकाशात डुलणाऱ्या प्रवाळांचं रील आलं, की असा समुद्राचा तुकडा आपल्याही हॉलमध्ये असावा असं अनेकांना वाटतं. टँक येतो, मीठ येतं, दिवे येतात आणि पहिलं प्रवाळही येतं.

काही आठवड्यांनी तेच प्रवाळ मिटून बसतं. दगडावर न आणलेले तपकिरी जीव उगवतात. मग फोटो टाकून एकच प्रश्न विचारला जातो : ‘कोणतं औषध टाकू?’

बहुतेक वेळा हा प्रश्नच चुकतो. बंद काचेच्या टँकमध्ये कीड हवेतून येत नाही. ती कुणीतरी आणलेली असते. म्हणून ती कुठल्या दाराने आली आणि तिला वाढायला जागा कुणी दिली, हे आधी पाहावं लागतं. भारतात या दारावर आणखी एक गोष्ट उभी आहे, ती म्हणजे वन्यजीव कायदा.

रीफ टँक साध्या फिश टँकपेक्षा वेगळा कसा?

प्रवाळ दिसतं झाडासारखं, पण तो प्राणी आहे. त्याच्या ऊतींमध्ये सूक्ष्म शैवाल राहतं. हे शैवाल प्रकाशावर अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा प्रवाळाला मिळतो. पाणी तापलं किंवा ताण वाढला, की ही भागीदारी तुटते. शैवाल बाहेर पडतं आणि प्रवाळ पांढरं पडतं. यालाच ‘ब्लीचिंग’ म्हणतात.

त्यामुळे रीफ टँकमध्ये पाणी नुसतं स्वच्छ असून भागत नाही, ते स्थिर असावं लागतं. साधारणपणे तापमान २५ ते २६ अंश सेल्सिअस, क्षारता दर हजार भागांत ३५ आणि कॅल्शियम लिटरमागे ४०० ते ४५० मिलिग्रॅम ठेवतात. समुद्रात हे आकडे हळू बदलतात. दोनशे लिटरच्या टँकमध्ये ते एका दुपारीत बदलू शकतात.

प्रवाळ पाळणं कायदेशीर आहे का?

कीड समजून घेण्याआधी हा प्रश्न यायला हवा, कारण कोणत्या किडीशी गाठ पडेल हे त्यावरच ठरतं.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये २००१ साली प्रवाळांचा समावेश झाला. त्यात खडक बांधणारी सर्व कठीण प्रवाळं, काळं प्रवाळ, ऑर्गन पाइप प्रवाळ, अग्निप्रवाळ आणि समुद्रपंखे येतात. वाघ ज्या अनुसूचीत आहे, त्याच अनुसूचीत ही प्रवाळं आहेत. या अनुसूचीतल्या प्राण्यांबाबतच्या गुन्ह्यांना तीन ते सात वर्षांची कैद आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर किमान दंड २५ हजार रुपये झाला. ही दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे.

‘पण हे इंडोनेशियाचं, इम्पोर्टेड आहे,’ हे दुकानातलं नेहमीचं उत्तर. अनुसूचीत मात्र ‘सर्व’ कठीण प्रवाळं असा उल्लेख आहे. कोणत्या देशाच्या समुद्रातलं, असा फरक तिथे केलेला नाही. शिवाय कठीण प्रवाळं ‘साइटीस’ या आंतरराष्ट्रीय व्यापार कराराच्या यादीतही आहेत.

फेब्रुवारी २०२४ मध्ये परदेशी प्रजातींच्या नोंदणीचे नियम आले आणि ‘परिवेश’ पोर्टलवर घरातल्या पोपट-इग्वानांची नोंद सुरू झाली. ‘प्रवाळाचीही तशीच नोंद करू’ असं अनेकांना वाटतं. पण एखादी प्रजाती अनुसूची १ आणि साइटीसची अनुसूची ४ अशा दोन्हींत असेल, तर कडक तरतुदी, म्हणजे अनुसूची १ च्याच, लागू होतात. नोंदणी हा कठीण प्रवाळासाठीचा आडमार्ग नाही.

हा विषय फक्त टँकवाल्यांचा नाही. ‘इंद्रजाल’ म्हणून फ्रेम करून विकली जाणारी काळी जाळीदार ‘वनस्पती’ बहुतेकदा वाळवलेलं काळं प्रवाळ किंवा समुद्रपंखा असतो. तोही याच यादीत येतो.

मग उरतं काय? झोअँथिड, मशरूम आणि लेदर यांसारखी मऊ प्रवाळं. यांची नावं अनुसूची १ मध्ये नाहीत. तरीही ती परदेशातून आली असतील, तर आयातीची कागदपत्रं विक्रेत्याकडे असायला हवीत. पक्कं बिल मागणं हा खरेदीचाच भाग आहे. शंका असेल तर रील टाकण्याआधी वन विभागाच्या कार्यालयात विचारलेलं बरं.

याचा किडीशी थेट संबंध आहे. इंटरनेटवरचा किडीविषयीचा बराच सल्ला अमेरिकेतून येतो आणि तो ॲक्रोपोरा, माँटिपोरा यांसारख्या कठीण प्रवाळांवरच्या किडींचा असतो. ॲक्रोपोरा खाणारे चपटे कृमी किंवा माँटिपोरावरची बिनशंखाची गोगलगाय यांची चिंता मऊ प्रवाळांच्या टँकला करावी लागत नाही. त्यांवरची जालीम औषधं ‘खबरदारी म्हणून’ ओतण्याचंही कारण नाही.

मग घरच्या टँकमध्ये कोणत्या किडी दिसतात?

ऐप्टेसिया : तपकिरी, पारदर्शक, छोट्या ताडाच्या झाडासारखं दिसणारं समुद्रफूल. ते शेजारच्या प्रवाळाला डंख मारतं. खरवडलं, की उरलेल्या कणांतून नवी पिल्लं उगवतात. म्हणूनच ‘काल एक होतं, आज दहा आहेत’ अशी तक्रार येते.

झोअँथिड खाणारा न्यूडिब्रँक : ही बिनशंखाची समुद्री गोगलगाय. ज्या रंगाचं झोअँथिड खाते, तोच रंग तिच्या अंगावर येतो, त्यामुळे दिवसा दिसत नाही. रात्री टॉर्च मारून पाहावं लागतं. प्रवाळाच्या बुडाशी पांढरी वेटोळी दिसली, तर ती तिची अंडी.

सनडायल गोगलगाय : शंखावर बुद्धिबळाच्या पटासारखे काळे-पांढरे चौकोन. दिसायला देखणी, पण झोअँथिडवर जगणारी.

व्हर्मेटिड : दगडाला चिकटलेली टणक नळी. तिच्यातून कोळ्याच्या जाळ्यासारखा चिकट धागा बाहेर येतो. धागा लागला की शेजारचं प्रवाळ मिटतं. नळी मोडून तोंड सुपरग्लूने बंद करणं आणि भुकटीचं खाद्य कमी करणं हा साधा उपाय.

ॲस्टेरिना : नखाएवढा तारामासा. बहुतेक ॲस्टेरिना शेवाळ खातात. झोअँथिडवर वारंवार बसलेला दिसला, तरच तो काढायचा.

काही जीव मात्र उगाच बदनाम होतात. काटेरी ब्रिसलवर्म मरत्या प्रवाळावर दिसतो, म्हणून त्यालाच खुनी ठरवलं जातं. प्रत्यक्षात तो बहुतेकदा मेलेलं साफ करायला आलेला असतो. काचेवर धावणारे पांढरे ठिपके म्हणजे कोपेपॉड हे सूक्ष्म कवचधारी जीव. ते माशांचं खाद्य आहेत, टँक ठीक चालल्याची खूण आहेत. त्यांना मारायला औषध टाकणं म्हणजे स्वतःच्याच टँकचं नुकसान करणं.

औषध दिलं, तरी कीड परत का येते?

अंड्यांमुळे. प्रवाळ काही मिनिटं औषधी पाण्यात बुडवून काढण्याला ‘डिप’ म्हणतात. आयोडीनच्या किंवा प्रवाळांसाठी बनवलेल्या डिपमध्ये जिवंत कृमी आणि गोगलगायी गळून पडतात. अंडी मात्र बहुतेक वेळा वाचतात. काही दिवसांनी ती फुटतात आणि सगळं पुन्हा सुरू होतं.

म्हणून एका डिपने काम होत नाही. पाच ते सात दिवसांच्या अंतराने, काही आठवडे ते करावं लागतं. त्या काळात प्रवाळ मुख्य टँकमध्ये ठेवलं तर उपयोग शून्य, कारण अंडी दगडांवर पोहोचतात.

इथे कोविडमुळे घराघरात पोहोचलेला शब्द कामाला येतो : क्वारंटाइन. वीस-तीस लिटरचा वेगळा टँक, छोटा दिवा, पाणी फिरवणारा पंप आणि मुख्य टँकमध्ये मुरलेला स्पंज फिल्टर एवढं पुरतं. नवं प्रवाळ तिथे किमान सहा आठवडे ठेवायचं. ज्या चकतीवर ते चिकटवलेलं असतं, ती पहिल्याच दिवशी काढून फेकायची, कारण अंडी आणि ऐप्टेसिया अनेकदा चकतीच्या खालच्या बाजूलाच असतात. दर आठवड्याला रात्री टॉर्चने पाहायचं.

हा टँक रीलमध्ये कधी दिसत नाही. पण बिघडलेला मुख्य टँक पुन्हा उभा करण्याच्या खर्चापुढे त्याचा खर्च किरकोळ असतो.

ऐप्टेसिया आधीच पसरली असेल तर पेपरमिंट कोळंबी ती खाते. मोजक्या ऐप्टेसियांवर कॅल्शियम हायड्रॉक्साइडचा, म्हणजे चुन्याचा, दाट लगदा सिरिंजने थेट तोंडावर सोडतात. लगदा देताना पंप बंद ठेवायचा आणि एका दिवशी दोन-तीनच हाताळायच्या. एकदम वीस ठिकाणी चुना सोडला, तर पाण्याचा सामू उसळतो आणि प्रवाळच मरतं.

कीड कुठेच दिसत नाही, तरी प्रवाळ मिटलंय. का?

अशा वेळी मराठवाड्यातल्या टँकचे स्वतःचे शत्रू तपासावे लागतात.

पाण्याचं बाष्पीभवन : कोरड्या हवेत पंखा लावला, की टँकचं तापमान दोन-तीन अंशांनी उतरतं. माठाचं पाणी गार होतं तसंच. पण उडून जातं ते फक्त पाणी, मीठ मागेच राहतं. दोनशे लिटरमधून सहा लिटर उडालं, तर क्षारता ३५ वरून ३६ वर जाते. भर घालताना चुकून खारं पाणी टाकलं, तर ती चढतच राहते. उडालेल्या पाण्याची भरपाई नेहमी गोड, शुद्ध पाण्यानेच करायची.

ते शुद्ध पाणी : नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. बोअर आणि टँकरच्या पाण्यात बहुधा क्षार भरपूर. म्हणून आरओ लागतो. पण स्वयंपाकघरातला आरओ धोक्याचा ठरू शकतो. अनेक नवे प्युरिफायर पाण्यात तांबं किंवा खनिजं मिसळतात. तांब्याचा अंश माणसाला चालतो, पण प्रवाळ, कोळंबी आणि गोगलगायींसाठी ते विष आहे. माशांच्या अनेक औषधांतही तांबं असतं. ती औषधं रीफ टँकमध्ये कधीच टाकायची नाहीत.

पाण्याचा हिशेब : उदाहरणादाखल, दोनशे लिटरच्या टँकला आठवड्याला वीस लिटर पाणी बदलायला आणि उन्हाळ्यात तितकंच भरपाईला लागलं, तर चाळीस लिटर झाले. एक लिटर शुद्ध करताना तीन लिटर वाया जात असतील, तर १२० लिटर नालीत जातात. या शहराचं पाणी पैठणच्या जायकवाडीतून येतं. डिसेंबर २०२० मध्ये १,६८० कोटींच्या नव्या पाणी योजनेचं भूमिपूजन झालं ते याच टंचाईमुळे. अशा शहरात हे वाया जाणारं पाणी ड्रममध्ये साठवून फरशी पुसायला किंवा संडासात वापरणं हा छंदाचाच भाग मानायला हवा. ते जमणार नसेल, तर टँक लहान ठेवावा.

वीज : पंप थांबला की पाणी फिरत नाही आणि पाण्यातला ऑक्सिजन उतरू लागतो. बॅटरीवर चालणारा एअर पंप हा रीफ टँकचा सर्वांत स्वस्त विमा. इन्व्हर्टरवर दिवे नव्हे, आधी पाणी फिरवणारा पंप जोडायचा.

अति स्वच्छता : शेवाळ दिसलं म्हणून नायट्रेट-फॉस्फेट शून्यावर आणणारेही कमी नाहीत. पण प्रवाळांना ही पोषकद्रव्यं थोडी लागतात. ती संपली, की तपकिरी बुडबुडेदार थर देणाऱ्या डायनोफ्लॅजेलेट या जीवांना मोकळं रान मिळतं. तो थर घालवणं शेवाळापेक्षा अवघड असतं.

गडबड दिसली, तर पहिल्या दिवशी काय करावं?

१. काहीही ओतू नये. आधी तापमान, क्षारता आणि अल्कलिनिटी मोजावी.

२. घरात फवारणी, रंगकाम, डास मारण्याचं रसायन, नवं फिनेल असं काही झालं का, ते आठवावं.

३. पाण्यात सक्रिय कार्बन ठेवून दहा-पंधरा टक्के पाणी बदलावं. नवं पाणी त्याच तापमानाचं आणि क्षारतेचं असावं.

४. रात्री दिवे गेल्यावर तासाभराने टॉर्चने पाहावं आणि फोटो काढावा.

५. कीड ओळखली गेली, तरच त्या किडीचा उपाय करावा. तोही शक्यतो प्रवाळ बाहेर काढून, वेगळ्या भांड्यात.

६. एका वेळी एकच बदल. तीन गोष्टी एकदम केल्या, तर कशाने फरक पडला ते कळत नाही.

माणसांची प्रतिजैविकं टँकमध्ये टाकण्याचा सल्लाही फिरत असतो. ही औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायची नसतात. शिवाय ती टँकमधले उपयोगी जिवाणू मारतात आणि पाणी बदलताना गटारात जातात.

दगड उकळण्याचा सल्ला जीवघेणा का?

‘ऐप्टेसिया जात नाही? दगड काढा आणि उकळा.’ हा सल्ला कधीही पाळू नये.

झोअँथिड गटातल्या काही प्रवाळांत, विशेषतः पॅलिथोआमध्ये, पॅलिटॉक्सिन नावाचं विष असतं. निसर्गातल्या अत्यंत जहाल विषांत त्याची गणना होते. दगड उकळला, गरम पाण्याने धुतला किंवा ब्रशने घासला, तर विषाचे तुषार हवेत जातात आणि श्वासातून शरीरात शिरतात. २०१८ साली इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डशायरमध्ये टँकमधलं प्रवाळ साफ करताना एका कुटुंबाला बाधा झाली. मदतीला आलेल्या अग्निशमन जवानांनाही रुग्णालयात न्यावं लागलं.

झोअँथिड हाताळताना हातमोजे आणि चष्मा हवा. हाताला जखम असेल, तर ते काम पुढे ढकलावं. प्रवाळ कापायचंच असेल, तर स्वयंपाकघरात आणि लहान मुलांजवळ नको. काम करताना तोंडात धातूची चव येणं, ताप, धाप लागणं किंवा छातीत दुखणं अशी लक्षणं दिसली, तर तातडीने रुग्णालय गाठावं आणि डॉक्टरांना ‘पॅलिटॉक्सिन’ हा शब्द सांगावा. नाहीतर हा साधा ताप समजला जाण्याची भीती असते.

समुद्रात काय घडतं?

टँकमधला धडा समुद्रातही लागू पडतो. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवर १९८५ ते २०१२ या काळात जिवंत प्रवाळांचं आच्छादन जवळपास निम्मं झालं. ऑस्ट्रेलियन इन्स्टिट्यूट ऑफ मरीन सायन्सच्या संशोधकांच्या अभ्यासात त्यातला ४२ टक्के वाटा प्रवाळ खाणाऱ्या काटेरी तारामाशाचा होता. हा तारामासा तिथलाच आहे. शेतांतून वाहून येणाऱ्या खतांमुळे त्याच्या अळ्यांना खाद्य वाढतं आणि त्याची संख्या फुगते, असं मानलं जातं. म्हणजे कीड होतीच, तिला जागा माणसाने दिली.

महाराष्ट्राचं स्वतःचं प्रवाळही आहे. १९८७ मध्ये घोषित झालेल्या मालवण सागरी अभयारण्यात गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांना टर्बिनेरिया प्रवाळावर गाठीसारखी विकृत वाढ आढळली. तो अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. मुंबईत कोस्टल रोडच्या कामात २०२० साली प्रवाळांच्या १८ वसाहती हलवाव्या लागल्या, तेव्हा महापालिकेलाही वन्यजीव कायद्याखाली परवानगी घ्यावी लागली. पुढे एप्रिल २०२४ मध्ये जगभरातल्या चौथ्या मोठ्या ब्लीचिंगची घोषणा झाली आणि त्याच उन्हाळ्यात लक्षद्वीपची प्रवाळं पांढरी पडली.

जंगली प्रवाळाची ही अवस्था असताना घरातलं प्रवाळ कुठून आलं, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. समुद्रातून तोडलेला तुकडा आणि टँकमध्येच वाढवून कापलेला तुकडा यांत मोठा फरक आहे. दुसरा सहसा जास्त टिकतो. तो ओळखीच्या टँकमधून आला असेल, तर त्यावरच्या किडीचीही माहिती आधी मिळू शकते.

टँक बंदच करायचा ठरला तर?

वारंवार अपयश आलं, की अनेक जण कंटाळून सगळं सोडून देतात. तेव्हा मासे, दगड किंवा पाणी खाम नदीत, तलावात किंवा सहलीला गेल्यावर समुद्रात सोडायचं नाही. समुद्री जीव गोड्या पाण्यात तडफडून मरतात आणि समुद्रात सोडले तर परके जीव पसरू शकतात. हौशी टँकमधून सुटलेला ‘सकरमाउथ’ मासा आज महाराष्ट्रातल्या धरणांत मच्छीमारांच्या जाळ्यात येतो, ही त्याचीच गोड्या पाण्यातली आवृत्ती.

जिवंत प्राणी अनुभवी हौशी पाळणाऱ्याकडे किंवा दुकानात परत द्यावेत. ऐप्टेसिया झालेले दगड बाहेर उन्हात, माणसांच्या वावरापासून दूर, पूर्ण वाळू द्यावेत. मात्र त्यावर झोअँथिड असतील, तर ते वाळल्यावरही घासू किंवा फोडू नयेत.

आणि ज्यांचा टँक अजून यायचा आहे, त्यांनी पहिली खरेदी प्रवाळाची करू नये. आधी वीस-तीस लिटरचा क्वारंटाइन टँक, क्षारता मोजायचं साधन आणि बॅटरीवरचा एअर पंप घ्यावा. उस्मानपुऱ्यातला एक अख्खा मे महिना या टँकचं पाणी स्थिर राहिलं, तर मग बिल मागून पहिलं प्रवाळ आणावं.